भिलाईचा रूळ आणि निविदेची दोन टोके

दिल्लीतील रायसिना मार्गावरचे रेल भवन आणि पोलाद मंत्रालयाचा कारभार वर्षानुवर्षे जेथून चालला ते उद्योग भवन यांच्यात पायी जाण्याएवढेच अंतर आहे. या दोन इमारतींच्या दरम्यान देशातील एका मोठ्या सरकारी खरेदीचा व्यवहार गेली अनेक दशके होत आला आहे. विकणारे सरकार, विकत घेणारे सरकार आणि भाव ठरवून देणारे अर्थ मंत्रालयही सरकारच! वस्तू आहे लोहमार्गाचा रूळ, आणि तो तयार होतो छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्यात. सरकारी खरेदीत स्पर्धा असावी की नाही, स्वस्त कशाला म्हणावे आणि दर्जाची हमी कोणी घ्यावी, हे प्रश्न राजधानीतील चर्चासत्रांत हवेत तरंगत असतात. भिलाईत ते लाखो टन पोलादाचे वजन घेऊन उभे राहतात.

भिलाईच्या व्यवहाराला दोन टोके आहेत, आणि राजधानीत सहसा त्यांपैकी एकाचीच चर्चा होते. वरच्या टोकाला हा कारखाना रेल्वेला रूळ विकतो. तेथे त्याला दीर्घकाळ निविदेला तोंड द्यावे लागले नाही. दोन मंत्रालयांतील समजुतीवर माल जात राहिला. खालच्या टोकाला हाच कारखाना हजारो लहान पुरवठादारांकडून सुटे भाग, ओतकाम, दुरुस्ती आणि मजुरी विकत घेतो. तेथे मात्र सर्वांत कमी दराचा नियम, उलटा लिलाव आणि संगणकावरची बाजारपेठ यांचे राज्य आहे. एकाच फाटकाच्या आत-बाहेर खरेदीचे दोन धर्म नांदतात, आणि त्यांतला कोणता कोणाला लागू करायचा हे प्रत्येक वेळी राजकारणानेच ठरवले आहे.

याची सुरुवात कारखान्याच्या जन्मातच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईचा करार झाला, तेव्हा कोणतीही खुली निविदा निघालेली नव्हती. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना, अडीच टक्के व्याज आणि बारा वर्षांची परतफेड अशा अटींवर मॉस्कोने यंत्रसामग्री उधारीवर दिली. त्याच सुमारास रूरकेला पश्चिम जर्मन कंपन्यांकडे आणि दुर्गापूर ब्रिटिश कंपन्यांच्या संघाकडे गेले. तीन कारखाने आणि खरेदीच्या तीन तऱ्हा. भिलाईत पुरवठादार निवडला गेला तो परराष्ट्र धोरणाने, आणि जागा निवडली गेली ती प्रांतिक राजकारणाने. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी छत्तीसगडसाठी कारखाना खेचून आणला, तो नागपूरच्या सचिवालयातूनच. विदर्भातील कित्येक मराठी कुटुंबे पुढे भिलाईच्या वसाहतीत स्थिरावली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी तेथे रूळ तयार होऊ लागले, आणि ‘रेल्वेचा रूळ म्हणजे भिलाई’ हे समीकरण हळूहळू घट्ट झाले.

पोलादाचे भाव जानेवारी १९९२ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. सळई, पत्रा, कॉइल यांचे दर बाजार ठरवू लागला. रूळ मात्र त्या बाजारात कधी पूर्णपणे उतरलाच नाही. त्याला कारणही तसेच होते. ज्या वस्तूचा गिऱ्हाईक देशभरात जवळजवळ एकच आहे आणि जिचा विक्रेताही व्यवहारात एकच आहे, तिचा बाजारभाव काढायचा कसा? तेव्हा उत्पादन खर्च मोजायचा, त्यावर ठरावीक परतावा धरायचा आणि अर्थ मंत्रालयातील मुख्य सल्लागारांनी (खर्च) तपासलेल्या आकड्यावर किंमत ठरवायची, अशी पद्धत पडली. तोवर माल हंगामी दराने जातो आणि अंतिम दर ठरला की मागील फरकाचा हिशेब होतो. भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या (सेल) वार्षिक हिशेबांत रुळांच्या विक्रीचे उत्पन्न हंगामी दराने धरल्याची टीप अनेकदा आढळते, ती यामुळेच.

या पद्धतीतील खाच लक्षात घेण्याजोगी आहे. पोलादाच्या खर्चात कोकिंग कोळशाचा वाटा मोठा आहे आणि सेल हा कोळसा बहुतांशी आयात करते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात २०१०-११ मध्ये पूर आला आणि जगभर कोकिंग कोळसा कडाडला. अशा वेळी खासगी पोलाद कंपनी आपला दर पुढच्या महिन्यात वाढवते. भिलाईला मात्र खर्चाचा तपशील दिल्लीला पाठवून वाट पाहावी लागते. पोलाद मंत्रालय म्हणते की रुळांत आमचे नुकसान होते. रेल्वे म्हणते की तुमच्या अकार्यक्षमतेचा खर्च प्रवाशांनी का सोसावा? दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि खर्चावर आधारित किंमतीत उरलेले अर्धे तपासण्याचा मार्गच नसतो. कारण तुलनेला दुसरा विक्रेता नाही.

परंतु रुळाच्या खरेदीत किंमत हा दुय्यम प्रश्न आहे. २६ नोव्हेंबर १९९८ च्या पहाटे पंजाबात खन्ना येथे रूळ तुटून एका गाडीचे डबे घसरले आणि समोरून आलेली सियालदह-जम्मूतवी एक्स्प्रेस त्यांवर आदळली. दोनशेहून अधिक माणसे दगावली. या अपघातानंतर रुळांचा दर्जा हा विषय तंत्रज्ञांच्या टिपणांतून निघून संसदेत आला. पोलाद वितळलेले असताना त्यात हायड्रोजन वायू विरघळलेला असतो. तो बाहेर काढला नाही तर रूळ थंड होताना त्याच्या डोक्यात केसाएवढ्या बारीक भेगा राहतात. कारखान्यातून निघताना त्या डोळ्यांना दिसत नाहीत. चाकांच्या लाखो फेऱ्यांनी त्या वाढत जातात आणि एखाद्या थंडीच्या रात्री, रूळ आखडलेला असताना, तो कडकन तुटतो. म्हणूनच रेल्वेच्या मानकांत वितळलेल्या पोलादातील हायड्रोजनची मर्यादा दहा लाख भागांत १.६ भाग इतकी कडक आहे. ती पाळायची तर निर्वात पोकळीत पोलादातील वायू ओढून घेणारी यंत्रणा हवी, आणि ती भिलाईला बसवावी लागली.

येथे खरेदीदाराची भूमिका नीट पाहिली पाहिजे. लखनौच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संस्थेने (आरडीएसओ) मानक लिहायचे, राइट्सच्या निरीक्षकांनी भिलाईच्या आवारातच रूळ तपासायचा आणि नापास माल परत ठेवायचा, ही व्यवस्था कागदावर उत्तम आहे. पण नाकारण्याचा अधिकार तेव्हाच धारदार असतो जेव्हा नाकारणाऱ्यापाशी दुसरा पर्याय असतो. देशाच्या रूळबदलीची थकबाकी साचलेली आणि विक्रेता एकटा, अशा स्थितीत कठोर निरीक्षकालाही आपल्या शिक्क्याचे ओझे जाणवणारच. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने (गावाचे आणि न्यायमूर्तींचे नाव एकच, हा निव्वळ योगायोग) थकबाकीचे हे दुखणे उघड केले. त्यानंतर २००१ मध्ये नीतीश कुमार रेल्वेमंत्री असताना १७ हजार कोटी रुपयांचा विशेष सुरक्षा निधी उभारला गेला. त्यातील मोठा भाग जुने रूळ बदलण्यावर खर्च व्हायचा होता. मागणी एकदम वाढली आणि २००३ मध्ये रेल्वे व सेल यांच्यात रुळांच्या पुरवठ्याचा सामंजस्य करार झाला.

याच काळात भिलाईत जे नवे घडले त्याचे श्रेय त्या करारालाही द्यावे लागेल. लोहमार्गातील सर्वांत दुबळी जागा म्हणजे सांधा. पूर्वीचा रूळ १३ मीटरचा असे. तेरा मीटरचे तुकडे जोडून २६० मीटरची पट्टी करायची तर १९ सांधे लागतात. भिलाईने आधी अधिक लांबीचे रूळ काढून आणि ते कारखान्यातच यंत्राने वितळजोड करून २६० मीटरच्या पट्ट्या पुरवायला सुरुवात केली. पुढे जानेवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या युनिव्हर्सल रेल मिलमधून १३० मीटरचा अखंड रूळ निघू लागला. आता त्याच २६० मीटरच्या पट्टीत एकच सांधा उरतो. रुळाच्या मीटरला ६० किलो वजन धरले तर हा एक अखंड रूळ पावणेआठ टनांहून जड भरतो. तो वाहून नेण्यासाठी वेगळे डबे, उतरवण्यासाठी वेगळी पद्धत आणि अंथरण्यासाठी मार्ग बंद ठेवण्याचे वेगळे वेळापत्रक लागते. गिऱ्हाईक पक्के आहे ही खात्री नसती तर एवढी गुंतवणूक कोणत्याही कारखान्याने केली नसती. निविदेचा आग्रह धरणारे हा मुद्दा बहुधा सोडून देतात.

मात्र पक्क्या गिऱ्हाईकाची दुसरी बाजू भिलाईपासून अडीचशेहून अधिक किलोमीटरवर, त्याच हावडा-नागपूर लोहमार्गावरच्या रायगडला दिसू लागली होती. हे रायगड छत्तीसगडचे. तेथे जिंदाल स्टील अँड पॉवर या खासगी कंपनीने लांब रुळांची गिरणी उभारली, पण रेल्वेचे दार तिच्यासाठी उघडेना. ऑक्टोबर २००९ मध्ये कंपनीने नव्यानेच कामाला लागलेल्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. रेल्वेशी विशेष करार करून सेलने इतरांना बाजाराबाहेर ठेवले आहे आणि आपल्या वर्चस्वाचा गैरवापर चालवला आहे, असा तिचा आरोप होता. कंपनीचे प्रमुख नवीन जिंदाल तेव्हा सत्तारूढ काँग्रेसचेच लोकसभा सदस्य होते. म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या खासदाराची कंपनी, सरकारी कंपनीविरुद्ध, सरकारी गिऱ्हाईकाबद्दल तक्रार करीत होती.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ९ सप्टेंबर २०१० रोजी सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या खंडपीठाने दिलेला निकाल आज स्पर्धा कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. पण तो रुळांबद्दल नाही. आयोगाने चौकशीचा आदेश देताना समोरच्या पक्षाचे म्हणणे ऐकलेच पाहिजे का आणि अशा आदेशावर अपील करता येते का, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता. उत्तर नकारार्थी आले आणि चौकशीचा रस्ता मोकळा झाला. खऱ्या प्रश्नाचे उत्तर आयोगाने २० डिसेंबर २०११ रोजी दिले. तक्रार फेटाळली गेली. आयोगाच्या तर्काचे सार असे, की रुळांच्या बाजारात सेलचा वाटा मोठा असला तरी समोर रेल्वेसारखा एकमेव प्रचंड गिऱ्हाईक उभा आहे. दर, दर्जा आणि प्रमाण यांबाबत सेलला त्याच्यावर हुकमत गाजवता येत नाही. एकच गिऱ्हाईक असला की विक्रेताच त्याच्या मुठीत असतो.

हा तर्क लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण भिलाईच्याच फाटकाबाहेर तो उलट्या दिशेने लागू पडतो.

तत्पूर्वी सरकारच्याच दुसऱ्या एका यंत्रणेने वेगळा सूर लावला होता. डिसेंबर २००६ मध्ये मेरठ महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की सरकारी कंत्राट निविदेशिवाय देणे हा अपवादच असला पाहिजे. जुलै २००७ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाने परिपत्रक काढून तो सर्व मंत्रालयांना आणि सार्वजनिक उपक्रमांना कळवला. नामनिर्देशनाने काम देणे म्हणजे संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाचा भंग ठरू शकतो, अशी ती तंबी होती. राजधानीत या परिपत्रकाने काही काळ खळबळ माजवली. रुळांच्या व्यवहारावर मात्र त्याचा परिणाम जाणवला नाही. सरकारने सरकारकडून घेतले, यात भ्रष्टाचाराचा वास कोणाला आला नाही, आणि सुरक्षेचा प्रश्न पुढे केला की चर्चा तेथेच थांबे.

पुढची कलाटणी पुन्हा अपघातांनीच दिली. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये लागतील असे सांगितले होते. तो अहवाल बराच काळ पडून राहिला. २० नोव्हेंबर २०१६ रोजी कानपूरजवळ पुखरायां येथे इंदूर-पाटणा एक्स्प्रेस घसरून सुमारे दीडशे प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या अर्थसंकल्पात बरोबर तेवढ्याच रकमेचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष जाहीर झाला. १९ ऑगस्ट २०१७ रोजी खतौलीचा अपघात झाला. त्यात दोष रुळाच्या पोलादाचा नव्हता. दुरुस्तीचे काम चालू असताना त्यावर गाडी आली होती. पण सुरेश प्रभू यांनी राजीनामा देऊ केला आणि सप्टेंबरात रेल्वे मंत्रालय पीयूष गोयल यांच्याकडे आले. रूळबदलीचा वेग वाढवण्याचे आदेश निघाले आणि भिलाईचा पुरवठा त्या वेगाला पुरेना. मग रेल्वेने रुळांसाठी थेट जागतिक निविदा काढली.

उद्योग भवनात याचे पडसाद न उमटते तरच नवल. मे २०१७ मध्येच केंद्राने सरकारी खरेदीत देशी पोलादाला प्राधान्य देण्याचे धोरण अधिसूचित केले होते. पोलादमंत्री चौधरी बिरेंद्र सिंह यांच्या मंत्रालयाने त्यावर बोट ठेवले. एकाच मंत्रिमंडळातील दोन मंत्री एकाच धोरणाचे दोन अर्थ लावत होते. अखेर २०१८ च्या मध्याला निविदेतील पहिला मोठा लाभ कोणा परदेशी कंपनीला झाला नाही, तर रायगडच्या जिंदालला झाला. सुमारे ८९ हजार टन रूळ, ६६५ कोटी रुपये. २००९ पासून बंद असलेले दार जागतिक निविदेच्या धक्क्याने किलकिले झाले, आणि त्यातून आत आला तो छत्तीसगडचाच शेजारी.

आणि भिलाई? २०१८-१९ मध्ये तेथे ९ लाख ८५ हजार टन रूळ तयार झाले, आणि २०१९-२० मध्ये हा आकडा १२ लाख ८५ हजार टनांवर गेला. एका वर्षात तीस टक्के वाढ. सगळे रूळ ६० किलोचे धरले तर एका किलोमीटर एकेरी मार्गाला १२० टन लागतात. त्या हिशेबाने हे सुमारे १० हजार ७०० किलोमीटरचे रूळ झाले. नवी गिरणी स्थिरावल्याचा यात मोठा भाग आहे, हे मान्य केले पाहिजे. सगळे श्रेय स्पर्धेला देणे अन्यायाचे होईल. परंतु गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे पाहू लागल्यावर पहिले दुकान लवकर उघडते, हा अनुभव सरकारी दुकानांनाही चुकलेला नाही. रेल्वेने भिलाईला सोडले नाही. सोडू शकते एवढेच दाखवले, आणि खरेदीदार म्हणून तिचे वजन त्यानंतर वाढले.

या सगळ्यात जागतिक स्पर्धेचा आग्रह धरणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत आखलेल्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गासाठी जपानचे कर्ज घेतले आणि त्या कर्जाच्या अटींबरोबर जपानी रूळ आले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचेही रूळ जपानचेच. कर्ज देणाराच पुरवठादार ठरवतो, हे १९५५ मध्ये जितके खरे होते तितकेच आजही आहे. फरक एवढाच की तेव्हा त्यातून एक कारखाना उभा राहिला होता.

आता खालचे टोक. भिलाईच्या अवजड आणि हलक्या औद्योगिक क्षेत्रांत, नंदिनी मार्गावर, हथखोज परिसरात शेकडो लहान कारखाने आहेत. ओतकाम, यंत्रावर कातकाम, जोडकाम, पन्हळी, रोलर, साखळ्या, झाकणे, भट्टीचे भाग. यांतील अनेकांचा जन्मच पोलाद कारखान्याची पूरक एकके म्हणून झाला. नकाशा कारखान्याचा, मानक कारखान्याचे, तपासणी कारखान्याची आणि गिऱ्हाईकही बहुतांशी तोच. एक गिऱ्हाईक असला की विक्रेता त्याच्या मुठीत असतो, हा स्पर्धा आयोगाचा तर्क येथे तंतोतंत लागू पडतो. फक्त येथे सेल गिऱ्हाईकाच्या जागी बसलेली असते.

नव्या खरेदीपद्धतींचे प्रयोग या टोकाला सर्वांत आधी झाले. सेल आणि टाटा स्टील यांनी निम्म्या भागीदारीत फेब्रुवारी २००१ मध्ये कोलकात्याला एमजंक्शन ही कंपनी काढली, तेव्हा देशात संगणकावरून खरेदी-विक्री ही नवलाईची गोष्ट होती. उलट्या लिलावात पुरवठादार पडद्यावर एकमेकांचे दर पाहून आपला दर खाली आणत जातात. घड्याळ चालू असते आणि शेवटच्या मिनिटाला जो सर्वांत खाली तो जिंकतो. खरेदी अधिकाऱ्याची मर्जी, दरपत्रकाचे फुटणारे पाकीट आणि ठेकेदारांचे साटेलोटे यांवर हा जालीम उपाय होता, यात शंका नाही. सेलने २००७ मध्ये सचोटी करार स्वीकारला आणि मोठ्या निविदांवर बाहेरच्या स्वतंत्र निरीक्षकांची नजर ठेवली. ९ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्राची ‘जेम’ ही ई-बाजारपेठ सुरू झाली, आणि २०२२ मध्ये त्यावरून दहा हजार कोटी रुपयांच्या खरेदीचा टप्पा ओलांडणारा सेल हा पहिला केंद्रीय उपक्रम ठरला.

पारदर्शकता आली, पण तिच्याबरोबर जे आले त्याचा हिशेब दिल्लीत मांडला जात नाही. पडद्यावर दिसतो तो दर. झोतभट्टीचा एखादा भाग रात्री दोनला मोडला तर पहाटे पाचला साचा घेऊन हजर होणारा हथखोजचा कारखानदार आणि हजार किलोमीटरवरून कमी दर टाकणारा व्यापारी यांच्यातला फरक पडद्याला कळत नाही. सर्वांत कमी दराचा नियम भाव खाली आणतो, पण तो कोठून खाली आणतो हेही पाहिले पाहिजे. पोलादाचा, विजेचा आणि वाहतुकीचा दर लहान कारखानदाराच्या हाती नसतो. त्याच्या हाती उरते मजुरी आणि मालाची जाडी. ज्या शहराने कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर शंकर गुहा नियोगी यांची १९९१ मधील हत्या आणि १ जुलै १९९२ चा रेल्वेमार्गावरचा गोळीबार पाहिला, त्या शहराला मजुरी हा शब्द वेगळा ऐकू येतो.

केंद्राला हे अजिबात उमगले नाही असे नाही. सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून वीस टक्के खरेदीचे धोरण २०१२ मध्ये आले. ते २०१५ पासून बंधनकारक झाले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये हे प्रमाण २५ टक्क्यांवर नेले गेले. त्यातील चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि तीन टक्के महिलांच्या उद्योगांसाठी राखीव आहे. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अर्थ मंत्रालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. बांधकामे आणि सेवा यांच्या काही निविदांत दराबरोबर गुणवत्तेलाही तीस टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. पण मुभा वापरणे म्हणजे निर्णय घेणे, आणि निर्णय घेणे म्हणजे उद्या दक्षता खात्याला उत्तर देणे. सर्वांत कमी दर निवडणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. म्हणून नवा नियम परिपत्रकात राहतो आणि जुना टेबलावर.

राज्याच्या राजकारणाची तऱ्हा आणखी निराळी. भूपेश बघेल यांच्या काँग्रेस सरकारने आपल्या खात्यांसाठी केंद्राची जेम बाजारपेठ बाजूला ठेवली आणि राज्य औद्योगिक विकास महामंडळाच्या दरकरारांवर भर दिला. स्थानिक उद्योगांना वाव, असे त्याचे समर्थन होते. विष्णुदेव साय यांच्या भाजप सरकारने जुलै २०२४ मध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय करून पुन्हा जेमचा रस्ता धरला. या वेळी समर्थन होते पारदर्शकतेचे. भिलाईच्या लहान कारखानदाराला मधल्या पाच वर्षांत राज्यासाठी एक नोंदणी, केंद्राच्या उपक्रमासाठी दुसरी आणि पुन्हा राज्यासाठी पहिलीच, असा प्रवास करावा लागला. स्थानिक विरुद्ध पारदर्शक हे द्वंद्व मुळात खोटे आहे. दरकराराची यादीही पारदर्शक असू शकते आणि जेमवरही स्थानिकाला जागा देता येते. पण सत्तांतराला आधीच्यांचे काहीतरी मोडलेले दाखवावे लागते, आणि खरेदीचे नियम मोडायला सर्वांत सोपे असतात.

कारखानदारांना याहून अधिक सतावणारी गोष्ट वेगळीच आहे. रुळांच्या अंतिम दराची वाट पाहण्याएवढे बळ सेलमध्ये आहे. बिलाची वाट पाहण्याएवढे बळ दहा कामगारांच्या ओतशाळेत नाही. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागेल असे ठरवले. २०१८ पासून केंद्रीय उपक्रमांना बिलवटणावळीच्या ‘ट्रेड्स’ मंचावर यावे लागले. एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या आयकर तरतुदीने थकलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरण्यास मनाई केली. कायद्याची कमतरता नाही. पण त्यात मेख एकच आहे. ४५ दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्याच्या दिवसापासून, आणि माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तरच तो स्वीकारला असे गृहीत धरले जाते. हरकतीची एक ओळ लिहिली की घड्याळ थांबते. ती ओळ लिहिण्याचा अधिकार तपासणी विभागाकडे आहे, व्याज मागण्याचा अधिकार पुरवठादाराकडे. पुढच्या महिन्याच्या निविदेत पुन्हा त्याच दारात उभे राहायचे असल्याने हा दुसरा अधिकार वापरायला फारसे कोणी धजत नाही.